टेफ्लॉनच्या तव्याला डोसा चिकटत नाही, मग बाबांच्या हातातल्या टेफ्लॉनच्या नळीत रक्त कसं गोठलं?

खानापूरची_लेक

नमस्कार. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

बाबा ६१ वर्षांचे. माहेर वडगावात, बेळगाव. तीस-बत्तीस वर्षं पॉवरलूमवर साड्या विणल्या त्यांनी. शुगरनं किडन्या गेल्या, दीड वर्ष झालं मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस चालू आहे. आधी डाव्या मनगटाला फिस्टुला केलेला, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकांना जोडून देतात ते, पण बाबांच्या शिरा मुळातच बारीक, ती काही फुगलीच नाही. मग दंडात कृत्रिम नळी बसवली, ग्राफ्ट म्हणतात. बसवायच्या आधी डॉक्टरांनी तसलाच एक तुकडा हातात दिलेला, पांढरा, मऊ, भोक एवढंच की पेनची रिफिल सहज जाईल पण पेन्सिल अडेल. हे टेफ्लॉन आहे, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, असं सांगितलं.

ऑपरेशननंतर दंडावर बोटं ठेवली की आत गुर्रर्र लागायचं. थ्रिल म्हणतात म्हणे. बाबा म्हणायचे हातात माग चालू आहे. माझा पोरगा तर कान लावून बसायचा, आजोबांच्या हातात मांजर आहे म्हणून शाळेत सांगून आला.

पाचव्या महिन्यात एका शनिवारी मशीनवर असताना बीपी खूप उतरलं, घरी आणलं, जेवले नाहीत, त्याच कुशीवर झोपले. रात्री अकराच्या सुमारास आईला उठवून म्हणाले, माग बंद पडला गं. आम्हाला वाटलं मंगळवारी जायचंच आहे की डायलिसिसला, तेव्हा दाखवू. मंगळवारी गेलो तर नळी दोरीसारखी घट्ट झालेली. गुठळी काढली, बलून पण केला, म्हणजे आत फुगा फुगवून वाट रुंद करतात ते, अकरा दिवस चाललं आणि परत बंद. आता मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची तात्पुरती नळी आहे आणि उजव्या हाताला नवीन ग्राफ्ट बसवायचं ठरायलंय.

दोन पर्याय दिलेत, साधी नळी किंवा आतून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध लावलेली, ती महाग आहे. खर्चाचं बघू काहीतरी. पण बाबा अडून बसलेत, म्हणतात डोसा चिकटत नाही त्याला रक्त कसं चिकटलं हे मला कुणीतरी सांगा, मग हात देतो. डॉक्टरांकडं तेवढा वेळ नसतो, बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. इथं कुणाला माहीत असेल तर सांगा की. आणि रक्त न गोठणारी नळी कुणी बनवायलेत का नाही?

---

डायलिसिसवाला_अण्णा

ताई, मी बारा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे, इकडंच, नाव नको.

पहिलं सांगतो, रागावू नका, शनिवारी रात्री माग बंद पडला तेव्हाच निघायला पाहिजे होतं. थ्रिल गेलं म्हणजे त्याच दिवशी फोन, रविवार असूंदे नाहीतर चतुर्थी असूंदे. ताजी गुठळी मऊ असते, जेवढा उशीर तेवढी ती चिवट होत जाते आणि निघणं अवघड. पण हे तुम्हाला कुणी नीट बजावून सांगितलं नसणार, त्यामुळं तुमची चूक म्हणत नाही मी. आमच्याकडं पण निम्मे पेशंट पुढच्या पाळीलाच सांगतात "अण्णा, परवापासून आवाज येईना".

दुसरं, कारण तुमच्या पोस्टमध्येच आहे. बीपी उतरलं, त्यात त्या हातावर वजन देऊन झोपले, म्हणजे नळीतला प्रवाह मंदावला. हे शेवटचं निमित्त. खरं दुखणं बहुतेक वेळा आधीपासून असतं, नळी जिथं शिरेला जोडलीय त्या टोकाला शीर आतून जाड होत जाते आणि वाट अरुंद होते. बलून केला म्हणालात ना, तो तिथंच केला असणार. अकरा दिवसात परत बंद झालं म्हणजे तो अरुंदपणा परत आला असणार, नाहीतर पूर्ण उघडलाच नसेल.

मशीनवर खुणा दिसतात आधी. परत जाणाऱ्या रक्ताचं प्रेशर दर वेळी थोडं थोडं वाढत जातं, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, गुरगुर जाऊन नुसती धडधड लागते. ग्राफ्टमधून मिनिटाला ६०० मिलिलिटरच्या खाली प्रवाह गेला की तपासणी करा म्हणतात. नवीन नळी बसली की दर वेळी प्रेशर किती आलं ते विचारून वहीत लिहून ठेवा. टेक्निशियन कुरकुरेल, कुरकुरू दे.

डोशाचं मला सांगता येणार नाही, ते कुणीतरी शिकलेला सांगेल.

---

निपाणीकर_काका

माझी कथा हाताची नाही, पायाची, तरी सांगतो. निपाणीतला म्हणजे तंबाखू आलीच, वखारीत चाळीस वर्षं काढली आणि बिडी तोंडातून निघाली नाही. २०१९ ला चालताना पोटरी धरायला लागली, पन्नास पावलं गेलो की थांबायचं. मांडीची धमनी बंद. डॉक्टर म्हणाले गुडघ्याखाली बायपास करायला लागतंय आणि तिथं प्लास्टिकची नळी टिकत नाही, तुमच्याच पायातली शीर काढून लावू. आणि गंमत बघा, शीर उलटी करून लावली. मी विचारलं उलटी का? तर म्हणे शिरेत रक्त खाली येऊ नये म्हणून झडपा असतात, सरळ लावली तर त्या झडपा रक्त अडवतील. पाच वर्षं झाली, चालतोय. बिडी सोडली.

तुमच्या बाबांना पण स्वतःची शीर लावता येत नाही का विचारा. आणि रोज लसणाच्या चार पाकळ्या आणि अर्जुनाच्या सालीचा काढा द्या, रक्त पातळ राहतंय.

---

डायलिसिसवाला_अण्णा

काका, काढा नको हो. किडनीच्या पेशंटला मनानं काढे दिले की पोटॅशियमचा गोंधळ होतो, आणि आमच्या मशीनवर हेपरिन देतोच त्यात लसणाचा मारा कशाला, सुई काढल्यावर रक्त थांबेना म्हणून तासभर दाबून बसायला लागतं मग. बाकी बिडी सोडली ते बेस्ट केलंत.

---

हिंडलग्याचा_पोरगा

ताई, मी पीएचडी करतोय, रक्ताला लागणाऱ्या मटेरियलवरच, सध्या बाहेर असतो. डॉक्टर नाही, त्यामुळं बाबांच्या हाताचा निर्णय डॉक्टरच घेतील. पण डोशाचा प्रश्न भारी आहे, आमच्या लॅबमध्ये कुणी असा विचारला नाही अजून.

तव्याला डोसा चिकटत नाही कारण टेफ्लॉनला पाणी आवडत नाही, पिठाला पण ते धरून ठेवत नाही. पण रक्त म्हणजे पीठ नाही. रक्तात प्रथिनं आहेत, आणि पाणी नावडणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिनं उलट आनंदानं जाऊन बसतात, काही सेकंदात. त्यात फायब्रिनोजेन नावाचं एक असतं, ते बसलं की थोडं उलगडतं आणि प्लेटलेटला खूण मिळते की इथं जखम आहे. झालं, एक प्लेटलेट बसली की ती दहा जणींना हाक मारते. म्हणजे रक्त टेफ्लॉनला थेट चिकटत नाही, आधी प्रथिनांचा थर बसतो आणि मग सगळं त्या थराला चिकटतं. तवा नवा असताना डोसा निघतो आणि वर्षभरात करपलेला थर बसला की चिकटायला लागतो, तसं समजा, फक्त इथं वर्ष नाही, सेकंद.

आता उलटा प्रश्न, आपल्या स्वतःच्या धमनीत रक्त का गोठत नाही? ती गुळगुळीत असते म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. मला पण पहिल्या वर्षापर्यंत तसंच वाटायचं. तसं नाहीये. धमनीच्या आत पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम, आणि तो दिवसरात्र कामाला लागलेला असतो. नायट्रिक ऑक्साइड सोडतो, प्रोस्टासायक्लिन सोडतो, दोन्हींनी प्लेटलेट शांत बसतात. अंगावर हेपरिनसारखी साखळी बाळगतो, रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आलं तर त्याला पकडून उलट कामाला लावतो, एवढं करून कुठं गुठळी झालीच तर ती विरघळवायचं औषध पण स्वतःच सोडतो. नायट्रिक ऑक्साइड शरीरात असं काम करतं या शोधाला १९९८ चं नोबेल आहे. म्हणजे धमनी पाइप नाही, तो कामावर असलेला माणूस आहे. आपण त्याच्या जागी पाइप बसवतो आणि म्हणतो काम का होईना.

नळी मोठी असेल तर पाइप चालून जातो. पोटातली महाधमनी फुगली की तिथं कापडी नळी बसवतात, ती वर्षानुवर्षं चालते, कारण प्रवाहाला जोर असतो आणि भोक मोठं, कडेला थोडा थर बसला तरी वाट राहते. ६ मिलिमीटरच्या खाली गेलं की सगळं बिघडतं. हृदयाच्या धमन्या ३-४ मिलिमीटरच्या, म्हणून तिथल्या बायपासला आजही पायातली शीर नाहीतर छातीतली धमनीच वापरतात. आणि बाबांची नळी नेमकी ६ च्या आसपास, काठावर. (काठावरचं दुखणं आपल्या सीमाभागाला नवीन नाही, असो.)

निपाणीच्या काकांना पण उत्तर त्यातच आहे, गुडघ्याखाली म्हणून स्वतःची शीर.

हेपरिनच्या नळीचं उद्या लिहितो, आता मेसची वेळ.

---

खानापूरची_लेक

बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. धमनी कामावर असलेला माणूस आहे हे त्यांना पटलं. म्हणाले, म्हणजे त्यांनी मागावरचा माणूस काढून नुसता माग ठेवला. दुसरा प्रश्न त्यांचाच, पोटात कापडी नळी बसवतात म्हणाला, कुठलं कापड? सुती का रेशीम?

आणि अण्णा, वही घातली.

---

माग_नंबर_सात

पोलिस्टर हो. मी शहापूरचा, आमचाही माग आहे, तुमच्या बाबांना कदाचित ओळखत पण असेन. माझ्या मेव्हण्याला ही नळी पोटात बसवलीय, त्यामुळं मी यात शिरलो.

त्याला डेक्रॉन म्हणतात, म्हणजे आपला साधा पोलिस्टरचाच धागा. दोन जाती आहेत, विणलेली आणि होजियरीसारखी. विणलेली म्हणजे ताणा-बाणा, आपल्यासारखंच, फक्त नळीच्या आकारात. घट्ट असते, रक्त गळत नाही पण कापल्यावर कडेचे धागे निसटतात. होजियरीवाली बनियनसारखी, मऊ, शिवायला सोपी, पण जाळीतून रक्त गळायचं, म्हणून पूर्वी सर्जन बसवायच्या आधी ती पेशंटच्याच रक्तात भिजवायचे, मुद्दाम गोठवून भोकं बुजवायची. आता जिलेटिन नाहीतर कोलॅजनचा थर लावूनच येते. थोडक्यात खळ लावलेली!! आणि नळीला चुण्या घातलेल्या असतात, व्हॅक्युम क्लीनरच्या पाइपसारख्या, वाकवली तर मोडत नाही.

सुरुवात कशी झाली ते तर ऐकाच. अमेरिकेत आर्थर वूरहीज नावाचा सर्जन, १९४७ ला शिकत असताना एका कुत्र्याच्या हृदयात चुकून रेशमाचा एक टाका आत राहिला. काही महिन्यांनी उघडून बघितलं तर त्या रेशमी धाग्यावर चकचकीत पातळ अस्तर आलेलं. म्हणाला, एका धाग्यावर येतंय तर कापडाच्या नळीवर पण येईल. पॅराशूटच्या कापडाची नळी शिवली, १९५२ ला छापून आलं. पुढं ह्यूस्टनचे डॉ. डिबेकी नायलॉन घ्यायला दुकानात गेले, नायलॉन संपलेलं, दुकानदारानं डेक्रॉन दिलं, आणि त्यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. दुकानात त्या दिवशी नायलॉन असतं तर बऱ्याच लोकांचं वाटोळं झालं असतं, कारण नायलॉन शरीरात कमजोर पडतं.

बाबांना सांगा, अख्खी गोष्ट एका रेशमाच्या धाग्यानं सुरू झालीय.

---

हिंडलग्याचा_पोरगा

काका, एक नंबर. खळ लावलेली म्हणालात ते मी आता प्रेझेंटेशनमध्ये वापरणार.

वूरहीजच्या गोष्टीत एक मेख आहे पण. कुत्र्यात अस्तर पूर्ण नळीभर येतं. माणसात येत नाही. माणसाच्या पेशी जोडाच्या दोन्ही टोकांकडून फार तर एक-दोन सेंटिमीटर आत सरकतात आणि थांबतात. बाबांची नळी तीसएक सेंटिमीटरची असेल, मधला सगळा भाग कायम उघडा. पन्नास-साठ वर्षं लोक या एका अडचणीवर डोकं आपटायलेत. वर डायलिसिसवाल्या नळीला आठवड्याला तीन पाळ्या, दर पाळीला दोन सुया, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भोकं. अस्तर यायचं तरी कसं.

आता हेपरिनची नळी. साध्या नळीत हेपरिन नुसतं फासलं तर दोन दिवसात धुऊन जाईल, म्हणून त्याचं एक टोक नळीला रासायनिक बांधतात आणि दुसरं कामाचं टोक रक्तात मोकळं सोडतात, शेपटीनं बांधलेल्या म्हशीसारखं, म्हणजे चरायला तोंड मोकळं. पायाच्या बायपासमध्ये याचा फायदा चाचण्यांमध्ये दिसलाय. डायलिसिसच्या हातात मात्र चित्र तितकं स्पष्ट नाही, सुरुवातीच्या महिन्यात मदत होते असं वाटतं, पुढं फरक पुसट होतो. का, ते अण्णांनी आधीच सांगितलंय, शिरेच्या टोकाचा अरुंदपणा. हेपरिन गुठळीला अडवतं, शीर जाड व्हायचं काही थांबत नाही. शीर का जाड होते? तिला आयुष्यभर शांत वाहणाऱ्या रक्ताची सवय, आपण तिच्यात धमनीचा लोंढा सोडतो, आणि नळी कडक तर शीर लवचिक, दर ठोक्याला जोडावर ओढाताण. कडक पीव्हीसी पाइपला मऊ रबरी पाइप क्लॅम्पनं जोडला तर रबर कुठं फाटतं, क्लॅम्पपाशीच ना? तसंच, फक्त शीर फाटत नाही, स्वतःला जाड करून घेते.

म्हणून महागडी नळी घेतली की प्रश्न मिटला असं समजू नका. घेऊ नका असं पण म्हणत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा की बाबांच्या हातात तिचा फायदा कितपत धरता.

---

खानापूरची_लेक

हेपरिन कशापासून बनतं रे? आई विचारायलीय. ती माळकरी आहे.

---

डायलिसिसवाला_अण्णा

ताई, ते विचारू नका. दीड वर्ष बाबांना दर पाळीला तेच चाललंय.

---

हिंडलग्याचा_पोरगा

बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. आईंना सांगायचं का नाही ते तुमच्यावर. 🙏

---

खानापूरची_लेक

सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, ते हसून हसून खोकले. म्हणाले पंढरपूरला माफी मागून येतो.

बरं मग रक्त पातळ करायची गोळी रोज दिली तर? महागडी नळी नको, काही नको.

---

हिंडलग्याचा_पोरगा

करून बघितलंय लोकांनी. २००९ ला अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, ६४९ पेशंट, सगळ्यांना नवीन डायलिसिस ग्राफ्ट. अर्ध्यांना ॲस्पिरिन आणि डायपिरिडॅमोलची एकत्र गोळी, अर्ध्यांना खोटी गोळी. वर्षाच्या शेवटी काहीही दुरुस्ती न करता चालू राहिलेले ग्राफ्ट, खोट्या गोळीवाल्यांत २३ टक्के आणि खऱ्या गोळीवाल्यांत २८ टक्के. फरक आहे, पण एवढाच.

त्या आकड्याकडं दुसऱ्या बाजूनं पण बघा ताई. शंभरातल्या पाऊणशेंना वर्षभरात काही ना काही करावं लागलंय. पाच महिन्यात बंद पडलं म्हणजे बाबांचं नशीब वाईट किंवा तुमचं काही चुकलं असं अजिबात नाही, या नळ्या अशाच वागतात. वॉरफेरिनसारखं जोराचं औषध दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि किडनीच्या पेशंटमध्ये तो आधीच जास्त.

---

निपाणीकर_काका

म्हणजे पन्नास वर्षं शास्त्रज्ञ काय करायलेत मग? चंद्रावर जायलोय आणि फूटभर नळी जमेना?

---

हिंडलग्याचा_पोरगा

काका, चंद्रावर रक्त नाही, म्हणून सोपं 😄

करायलेत बरंच. मला आवडणारी गोष्ट आधी सांगतो. घटपर्णीचं झाड माहीत असेल, ते किडे खाणारं, त्याच्या काठावर किडा घसरून आत पडतो कारण काठावर पाण्याचा पातळ थर धरून ठेवलेला असतो. ते बघून हार्वर्डच्या वीस (Wyss) इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी प्लास्टिकवर एक थर रासायनिक बांधला आणि त्यावर परफ्लुरोकार्बन नावाचं तेलासारखं द्रव ठेवलं, ते त्या थराला धरून राहतं. २०१४ ला छापून आलं. पाल सोडली त्यावर, पाल घसरली! डुकरांमध्ये त्या नळ्यांतून रक्त फिरवलं, हेपरिन न देता आठ तास गोठलं नाही. ताई, बाबांना सांगा, टेफ्लॉनच्या तव्यावर पण आई थोडं तेल फिरवतेच ना, त्या लोकांनी तेच केलं. पण आठ तास आणि आठ वर्षं यात फरक आहे, तेल हळूहळू वाहून जाणारच.

दुसरी वाट, पृष्ठभाग असा करायचा की पाण्याला घट्ट धरून ठेवेल, मग प्रथिनाला बसायला जागाच नाही. आपल्या पेशींच्या बाहेरच्या आवरणात जे रेणू असतात तसलेच नळीवर लावतात. मी यातलाच एक कोपरा धरून बसलोय. बाटलीत महिनाभर मस्त चालतं, सशात बसवलं की रडगाणं सुरू. परवाच एक ग्राफ्ट नवव्या दिवशी बंद पडला. उघडून बघितलं तर मधला भाग अजून स्वच्छ आणि जोडापाशी गुठळी, म्हणजे कोटिंग पास आणि टाके नापास. गाइड म्हणाले तुझी शिलाई वाईट आहे. शहापूरच्या काकांकडं शिकायला यायला पाहिजे.

तिसरी वाट, नायट्रिक ऑक्साइड हळूहळू सोडणारं प्लास्टिक. साठा संपला की संपलं. चौथी, पेशंटच्याच पेशी काढून, वाढवून, टेफ्लॉनच्या आत अस्तर म्हणून पेरायच्या. व्हिएन्नाला झालंय हे माणसांवर, आणि चांगलं चाललं, पण पेशी वाढवायला कित्येक आठवडे लागतात. ज्याचा पाय काळा पडायलाय तो तेवढं थांबणार कसा.

पाचवी सगळ्यात पुढं गेलीय. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर दुसऱ्या माणसाच्या स्नायूपेशी वाढवायच्या, त्या स्वतःभोवती कोलॅजन विणतात, जाळी विरघळते, मग साबणासारख्या द्रावणानं पेशी धुऊन टाकायच्या. उरते फक्त विण. पेशी नाहीत म्हणून शरीर तिला परकं म्हणत नाही, आणि बसवल्यावर पेशंटच्या पेशी हळूहळू तिच्यात राहायला येतात. लॉरा निकलसन यांनी जनावरांच्या पेशींपासून जाळीवर धमनी वाढवल्याचं १९९९ ला छापून आलं, आणि माणसाच्या पेशींवाली सिमवेस या नावानं डिसेंबर २०२४ ला अमेरिकेत मंजूर झाली. पंचवीस वर्षं, काका. मंजुरी पण फक्त हातापायाच्या जखमेत धमनी तुटली आणि स्वतःची शीर लावता येत नाही अशांसाठी. नळी फाटून रक्तस्राव होऊ शकतो असा ठळक इशारा तिच्यावर छापलेला आहे. डायलिसिससाठी चाचण्या झाल्यात, मंजुरी त्यासाठीची नाही. त्यामुळं बाबांच्या उजव्या हाताला ती मिळेल असं समजू नका.

---

माग_नंबर_सात

पेशी विणतात आणि मग विणकराला धुऊन काढतात. हे काही बरं नाही.

रेशमाचं काय? आपल्या कर्नाटकात एवढं रेशीम होतं.

---

हिंडलग्याचा_पोरगा

आहे की, रेशमावर पण काम चालू आहे. रेशमाचा डिंक काढून टाकला की फायब्रॉइन उरतं, त्याच्या बारीक नळ्या उंदरांमध्ये चांगल्या चालल्यात. हळूहळू झिजतं आणि त्या जागी शरीर स्वतःचं विणतं. माणसांपर्यंत यायला वेळ आहे.

---

खानापूरची_लेक

अपडेट. कालच डॉक्टरांकडं जाऊन आलो. बाबांनी स्वतः विचारलं, शिरेच्या टोकाचं काय करणार? डॉक्टर दोन मिनिटं बघत राहिले आणि मग खुर्ची ओढून बसले, पहिल्यांदाच. उजव्या हाताचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, परत केला. कोपराच्या वर आतल्या बाजूला एक खोल शीर आहे, ती बरी जाड आहे म्हणाले, तिचा फिस्टुला करून शीर वर उचलून कातडीखाली आणायचा प्रयत्न करू, दोन टप्प्यात, म्हणजे कृत्रिम नळीच नको. नाही जमलं तर मग ग्राफ्ट. दीड-दोन महिने मानेतला कॅथेटर सांभाळायला लागेल, तेवढीच भीती आहे. बाबा हात द्यायला तयार झालेत.

योजनेचे कागद पण गोळा करायलोय. कर्नाटकची आहेच, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची फुले जन आरोग्य योजना लागू केलीय म्हणतात, कुणी वापरलीय का? कुठल्या काउंटरला जायचं तेवढं सांगा, सगळे एकमेकांकडं बोट दाखवायलेत.

---

डायलिसिसवाला_अण्णा

बेस्ट झालं. ती शीर चांगली असते, खोल असल्यामुळं आजवर कुणी सुया टोचून खराब केलेली नसते. आता उजव्या हाताला ना बीपी, ना रक्त काढणं, ना सलाईन. कुणी नर्स आली सुई घेऊन तर बाबांनी हात मागं घ्यायचा, लाजायचं नाही. ऑपरेशन झालं की बसमध्ये त्या हातात पिशवी अडकवायची नाही, घड्याळ नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही. रोज सकाळी तोंड धुतलं की आधी माग चालू आहे का बघायचं.

मानेच्या कॅथेटरची पट्टी ओली होऊ देऊ नका, अंघोळ मानेखालीच. थंडी वाजून ताप आला तर लगेच निघा. मंगळवारची वाट बघायची नाही 🙂

योजनेचं उद्या ड्युटीवर विचारून सांगतो.

---

हिंडलग्याचा_पोरगा

मी दिवाळीला येतोय ताई. लॅबमध्ये टेफ्लॉनच्या आणि डेक्रॉनच्या नळ्यांचे टाकाऊ तुकडे पडलेत, बाबांना बघायला घेऊन येऊ का? डेक्रॉनच्या एका तुकड्याची विण मला कळत नाहीये, त्यांना दाखवून विचारायचंय.

---

खानापूरची_लेक

ये की. बाबा म्हणायलेत येताना भिंग पण आण, चष्म्यानं धागे मोजता येत नाहीत आता. आणि कुंदा आणू नकोस, शुगर आहे. आणलास तर आम्ही खातो.

---

माग_नंबर_सात

भिंग माझ्याकडं आहे, धागे मोजायचं, पितळी. दिवस ठरला की कळवा, शहापुरातून वडगावात यायला मला दहा मिनिटं.